मराठीत ठेवलेला फोन

उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरायला शिरूरमधल्या एका सेवा केंद्रात गेलो होतो. संगणकावर बसलेल्या मुलीने माझा मोबाइल नंबर विचारला. तिने पहिला अंक ९ दाबला आणि रकान्याखाली परक्या नंबरांची यादी उघडली. नावाच्या रकान्यात एक अक्षर पडलं, तर सात-आठ नावं आडनावांसकट खाली उतरली. त्यातली दोन माझ्या ओळखीची होती. त्यातल्या एका घरी कोणता दाखला काढायचं चाललंय, हे मला कळायला नको होतं, पण कळलं.

"काका, ते आपोआप येतं," ती म्हणाली. "मी काही साठवून ठेवलेलं नाही."

ती खरं बोलत होती. साठवलं होतं ब्राउझरने. एकदा भरलेला रकाना पुन्हा भरावा लागू नये म्हणून तो ही नोंद त्याच संगणकावर ठेवतो. घरच्या संगणकावर ही सोय असते. दिवसाला पन्नास माणसं येतात अशा केंद्रात तीच सोय गावाची वही होऊन बसते. न्हावरे, केडगाव चौफुला, पाटस, रांजणगाव, कुरकुंभ, कुठेही जा, असं एखादं केंद्र सापडतंच. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि तलाठ्याकडचे हेलपाटे कमी झाले. पीकविमा, शिष्यवृत्ती, रेशन, सगळं ब्राउझरच्या या खिडकीतूनच होतं. ही सोय लोकांना हवीच होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खिडकीतून आपण बाहेर पाहतो, तेव्हा बाहेरूनही कोणी आत पाहत असतं, हे त्या मुलीला कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि तिच्यासमोर आधार कार्ड ठेवणाऱ्यालाही नाही.

रकान्याखालची यादी निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारं बरंच काही पान उघडता उघडता होऊन जातं.

समजा, चौफुल्यावर चहाला थांबलेला एक शेतकरी मोबाइलवर कांद्याचा भाव बघतोय. पान उघडताच त्याच्या ब्राउझरकडून बातमीच्या संकेतस्थळाला मागणी जाते. त्या पानात जाहिरातीचे, मोजदादीचे, समाजमाध्यमांच्या बटणांचे तुकडे असतात आणि ते बहुधा वेगवेगळ्या कंपन्यांच्या सर्व्हरवरून येतात. म्हणजे शेतकऱ्याने मागितलं एक पान, पण ब्राउझर दार ठोठावतो अनेकांचं, आणि प्रत्येक दारात थोडी ओळख देतो: आयपी पत्ता, ब्राउझर कोणता, भाषा कोणती, बहुतेक वेळा कोणत्या संकेतस्थळावरून आलो तेही. दार उघडणारा त्याच्या हातात एक चिठ्ठी देतो. तीच कुकी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली या तरुण अभियंत्याने ती काढली, ती दुकानाला आपलं गिऱ्हाईक पुन्हा ओळखता यावं म्हणून. पुढे जाहिरात कंपन्यांच्या लक्षात आलं, की आपला तुकडा हजार दुकानांत बसवला तर एकाच चिठ्ठीवरून गिऱ्हाईक कुठून कुठे फिरलं हे सगळं कळतं. सकाळी कांद्याचा भाव, दुपारी ट्रॅक्टरचं कर्ज, रात्री गुडघेदुखीवरचं औषध, या तिन्ही भेटी एका वहीत लागतात.

कुकी पुसता येते. म्हणून चिठ्ठीशिवाय ओळखण्याची पद्धत निघाली, आणि त्यातलं गणित आपल्याच दोन तालुक्यांवर मांडून बघू.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे शिरूर आणि दौंड तालुक्यांची लोकसंख्या मिळून साडेसात लाखांच्या आसपास होती. यातला एकच माणूस शोधायचा, आणि प्रश्न फक्त 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर येणारे विचारायचे. भीमा नदीच्या अलीकडचा की पलीकडचा? पुरुष की स्त्री? प्रत्येक प्रश्नाने उरलेली माणसं निम्मी होत असतील, तर किती प्रश्न लागतील? वीस. दोनचा विसावा घात १० लाख ४८ हजार ५७६ होतो, त्यात दोन्ही तालुके बसून जागा उरते. नाव, गाव, आधार, काहीही न विचारता वीस साध्या उत्तरांत साडेसात लाखांतला नेमका एक माणूस हाती लागतो.

ब्राउझरकडून अशी उत्तरं आपल्या नकळत मिळतात. पडदा किती ठिपक्यांचा, घड्याळ कोणत्या देशाच्या वेळेवर, फाँट कोणते, प्रोसेसरचे गाभे किती. एकेक उत्तर बिनमहत्त्वाचं, पण एकत्र आली की बोटांचा ठसा तयार होतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्स्ली यांनी ४,७०,१६१ ब्राउझरांची तपासणी केली, तेव्हा ८३.६ टक्के ब्राउझर त्या गर्दीत एकमेवाद्वितीय निघाले. तिथे आलेले लोक मुळात तंत्रज्ञानात रस असलेले होते, म्हणून हा आकडा जपून वापरायला हवा. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या एका लोकप्रिय संकेतस्थळावर वीस लाखांहून अधिक ठसे तपासले गेले, तेव्हा ३३.६ टक्केच वेगळे निघाले, आणि मोबाइलचं प्रमाण त्याहून कमी. याचं कारण सरळ आहे. एकाच मॉडेलचा फोन लाखो लोकांकडे असतो, त्यांचा पडदा, प्रोसेसर, फाँट सारखेच. अशा जुळ्यांच्या गर्दीत वेगळेपण उरतं ते मालकाने स्वतः बदललेल्या सेटिंगमध्ये. आणि आपल्याकडे काहीजण बदलतात अशी एक सेटिंग म्हणजे भाषा.

त्या केंद्रातल्या मुलीचा स्वतःचा फोन मराठीत होता. मेनू मराठी, तारीख मराठी. तिचा ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत एक छोटी ओळ पाठवतो: 'एमआर-आयएन', म्हणजे मराठी, भारत. पान तिच्या भाषेत मिळावं म्हणून ही ओळ आहे. पण जगभरच्या वाचकांचं एखादं मोठं संकेतस्थळ घ्या. तिथे येणाऱ्या हजारांत एकाचाच फोन मराठीत असेल, तर या एका ओळीने वीसपैकी जवळजवळ दहा प्रश्नांचं काम होतं. इंग्रजीतला फोन गर्दीत मिसळतो, मराठीतला लांबून दिसतो. शिरूरच्या बाजारात मराठी बोलणारा कोणाच्या नजरेत भरत नाही, इंटरनेटच्या बाजारात मात्र भरतो.

अक्षरंही बोलतात. संकेतस्थळाचा कोड पानाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात एखादा शब्द काढायला लावतो आणि त्याची रुंदी मोजतो. 'ळ' किती जागा घेतो, 'ज्ञ' आणि 'क्ष' कसे जोडले जातात, हे फोनमधल्या फाँटवर आणि अक्षर जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ठरतं. रंगवलेल्या चित्राचे ठिपके एका आकड्यात गुंडाळले, की त्या फोनची खूण तयार होते. याला कॅनव्हास फिंगरप्रिंटिंग म्हणतात. २०१४ मध्ये प्रिन्स्टन आणि बेल्जियमच्या ल्युव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी सर्वाधिक पाहिली जाणारी एक लाख संकेतस्थळं तपासली, तेव्हा पाच टक्क्यांहून अधिक ठिकाणी हा प्रकार सापडला.

हे सांगत होतो, तेव्हा त्या मुलीने विचारलं, "मग मी फोनची भाषा इंग्रजी करू का?"

हा प्रश्न मला अजून सोडत नाही, कारण तांत्रिक उत्तर 'हो' असं आहे. ओळख लपवण्यासाठीच बनवलेला टॉर ब्राउझर इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत वापरला, तर तो विचारतो, की संकेतस्थळांकडून इंग्रजी पानं मागवू का, म्हणजे तुम्हाला ओळखणं अवघड जाईल. बनवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, गणितही बरोबर आहे. पण खासगीपण हवं असेल तर आपली भाषा सोडा, असा हा सौदा होतो, आणि तो मला मान्य नाही. मी तिला सांगितलं, "नको करूस."

आपल्या भागाने याआधीही सोयीपायी असा सौदा केलेला आहे. टूजीचे दिवस आठवा. पान उघडायला मिनिटं लागत, रिचार्ज पुरवून वापरावा लागे. तेव्हा स्वस्त फोनमध्ये यूसी ब्राउझर असायचा. पान आधी त्याच्या कंपनीच्या सर्व्हरवर जाई, तिथे ते दाबून लहान केलं जाई आणि मग आपल्याकडे येई. २०१६ च्या सुमारास भारतातल्या मोबाइल ब्राउझरांत तो पहिल्या क्रमांकावर होता. त्याआधीच, मे २०१५ मध्ये, टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने दाखवून दिलं होतं, की त्याच्या चिनी आवृत्तीतून फोनचा आयएमईआय क्रमांक आणि सिमकार्डाचा क्रमांक कुलूप न लावता जात होते, आणि इंग्रजी आवृत्तीतून लोक काय शोधतात ते उघड्यावर जात होतं. वाटेत कान देऊन बसलेल्या कोणालाही ते वाचता आलं असतं. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात यूसी ब्राउझरही होता. तो फोनमधून गेला, पण त्याने दाखवून दिलेली गोष्ट फार थोड्यांपर्यंत पोचली: माहिती संकेतस्थळांकडूनच फुटते असं नाही, खिडकी बनवणाराही ऐकत असतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या डग्लस लीथ यांनी सहा ब्राउझर नेमके आपल्या कंपनीशी काय बोलतात ते तपासलं. एज आणि यांडेक्स हे यंत्राशी बांधलेली, सहज न बदलणारी ओळख पाठवत होते. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी पत्त्याच्या पट्टीत टाइप होणारी अक्षरं सूचनांसाठी आधीच पाठवत होते. म्हणजे 'शोधा' दाबण्यापूर्वी, विचार बदलून खोडून टाकलेला शब्दही कधीकधी पोचलेला असतो. ब्रेव्ह सर्वांत कमी बोलणारा निघाला. इनकॉग्निटो या सगळ्यावरचा इलाज आहे, असं अनेकांना वाटतं. ती खिडकी फोनवरच्या नोंदी पुसते, संकेतस्थळांची नजर थांबवत नाही. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

गूगलने २०१९ मध्ये स्वतःच म्हटलं होतं, की ब्राउझरचा असा ठसा घेणं चूक आहे, कारण कुकीसारखा तो माणसाला पुसता येत नाही. १६ फेब्रुवारी २०२५ पासून मात्र ठसा न घेण्याचा जाहिरातदारांवरचा निर्बंध कंपनीने सैल केला. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने त्याला बेजबाबदार म्हटलं, आणि माझं मतही तेच आहे. दुसरा रस्ता असताना हे झालं, याचं जास्त वाईट वाटतं. सफारी संकेतस्थळांना फक्त मूळचे फाँट दिसू देतो. ब्रेव्ह चित्राच्या ठिपक्यांत थोडी भेसळ करतो, त्यामुळे दरवेळी वेगळा ठसा उमटतो. मराठी न सोडता गर्दीत मिसळता येतं, पण ते काम ब्राउझर बनवणाऱ्याने करायचं असतं, वापरणाऱ्या मुलीने नाही.

कायद्यानेही एक वाट उघडली आहे. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, आणि कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. संमती मागताना कोणती माहिती कशासाठी घेतो, हे आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये वाचायची सोय द्यावी लागेल, असं त्यात आहे. म्हणजे मराठीतही. ती सूचना सातबाऱ्यासारखी सरळ, ओळखीच्या शब्दांत असावी. यंत्राने भाषांतर केलेलं मराठी कोणी वाचणार नाही, आणि न वाचता दिलेली संमती आजच्यासारखीच राहील.

माझा अर्ज भरून झाला. त्या मुलीने सेटिंगमध्ये जाऊन साठवलेली नावं, नंबर, पत्ते पुसले, डाउनलोडच्या फोल्डरमधली लोकांची आधार कार्डं काढली आणि त्रयस्थ कुकी बंद केल्या. मी तिला ब्राउझरमधली पाहुण्यांची खिडकी दाखवली. ती बंद केली की आत भरलेलं काही मागे राहत नाही. बाकावर एक आजी बँकेचं पासबुक पदराखाली धरून बसल्या होत्या. त्यांना पुढे बोलावून तिने नवी खिडकी उघडली, नंबर विचारला, ९ दाबला. रकान्याखाली काहीच उघडलं नाही.