आधी माल मोजा, मग परवाना बघा
(लेखमाला : गावातला व्यवसाय आणि कायदा, लेखांक 8)

मागच्या आठवड्यात आपण दुकानाची नोंदणी आणि ग्रामपंचायतीचे दाखले पाहिले. आज पाहायचा आहे चटकन पेट घेणाऱ्या मालाचा साठा.

बारामती-फलटण रस्त्यावरचे सांगवी डोळ्यांसमोर आणा. आजूबाजूला ऊस, जवळच माळेगावचा साखर कारखाना. अशा गावात हार्डवेअर-रंगाचे दुकान, कृषी सेवा केंद्र, वेल्डिंगचे शेड, गॅरेज आणि हॉटेल एकाच ओळीत, भिंतीला भिंत लावून असतात. थिनर, डिझेल, कीटकनाशके आणि गॅसच्या टाक्या एकमेकांपासून काही पावलांवर राहतात. मोठ्या कारखान्यात हे सगळे पाहायला वेगळा सुरक्षा अधिकारी असतो. गाळ्यात ती जबाबदारी मालकाचीच. बारामतीचा बंब येईपर्यंतची पहिली काही मिनिटेही त्यालाच सांभाळायची असतात.

कायद्याचे म्हणणेही तेच आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 मधला, तो 2008 च्या डिसेंबरपासून लागू आहे. कायद्याने ठरवलेली यंत्रणा बसवणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी हा कायदा मालक किंवा भोगवटादारावर टाकतो. म्हणजे गाळा भाड्याचा असला तरी दुकानदाराला हात झटकता येत नाहीत. ज्या इमारतींना ही यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांनी ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. व्यवहारात याला ‘बी फॉर्म’ म्हणतात. तो राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाने परवाना दिलेल्या संस्थेकडूनच घ्यायचा. आग विझवण्याचे सिलिंडर भरून देणाऱ्या कुणाच्याही पावतीवर भागत नाही.

आता मालाकडे वळू. कोणता माल किती ठेवला तर परवाना लागतो, हे केंद्राचे नियम आकड्यांत सांगतात.

हॉटेलचा गॅस घ्या. गॅस सिलिंडर नियम 2016 नुसार 100 किलोपर्यंत एलपीजी परवान्याशिवाय ठेवता येतो. व्यावसायिक टाकी 19 किलोची. पाच टाक्यांचे 95 किलो झाले. लग्नसराईत सहावी भरलेली टाकी आणून ठेवली की 114 किलो होतात आणि परवान्याची गरज लागते. शेगडीला जोडलेली टाकीही या मोजणीत धरायची. घरगुती 14.2 किलोची टाकी हॉटेलात वापरणे तर मुळातच नियमाबाहेर आहे.

डिझेलचा हिशेब पेट्रोलियम अधिनियम 1934 मध्ये आहे. डिझेल ‘ब’ वर्गात मोडते. एका जागी 2,500 लिटरपर्यंत परवाना लागत नाही, मात्र कोणतेही एक भांडे 1,000 लिटरपेक्षा मोठे नको. 200 लिटरची बारा बॅरल चालतात, तेरावे चालत नाही. ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर चालवणाऱ्यांनी हंगामाआधी हे लक्षात ठेवावे.

पेट्रोल ‘अ’ वर्गात येते आणि त्याचा नियम फार कडक आहे. विक्रीसाठी नसेल तरच 30 लिटरपर्यंत सवलत मिळते, तीही घट्ट झाकणाच्या भांड्यात. धातूचे भांडे 25 लिटरपेक्षा मोठे नको, काचेचे एका लिटरपेक्षा मोठे नको. विक्रीसाठी ही सवलतच नाही. टपरीवर बाटलीत भरून विकले जाणारे पेट्रोल म्हणूनच बेकायदा ठरते. मोठ्या साठ्याचा परवाना पेसो ही केंद्रीय संस्था देते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे.

इतकी सावधगिरी का, ते थिनरच्या उघड्या डब्याजवळ कळते. आग द्रवाला लागत नाही, त्याच्या वाफेला लागते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, दाराच्या फटीतून शेजारच्या गाळ्यात जाते आणि ग्राइंडरच्या ठिणगीने किंवा इन्व्हर्टरच्या सैल वायरीने पेटते. ज्वाला उलट धावत डब्यापर्यंत येते. त्यावर पाणी मारले तर पेटते थिनर पाण्यावर तरंगत आणखी पसरते. अशा आगीला कोरड्या पावडरचे एबीसी सिलिंडर लागते. ते दाराजवळ हवे, मालाच्या मागे नको. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे आठवड्यातून एकदा पाहावे.

आपल्याच पुणे जिल्ह्याने हे धडे मोठी किंमत मोजून घेतले आहेत. 7 जून 2021 ला मुळशीतल्या उरवडे येथे पाणी शुद्धीकरणाची रसायने बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि 17 कामगार गेले. त्यांत बहुतेक महिला होत्या. 30 ऑगस्ट 2023 ला चिखलीतल्या पूर्णानगरमध्ये हार्डवेअरच्या दुकानात झोपलेले चार जणांचे कुटुंब आगीत संपले. त्याच वर्षी 8 डिसेंबरला तळवड्यात केकवरच्या फुलबाज्या बनवणारी शेड पेटली. सहा जण त्याच दिवशी गेले, नंतर मृतांची संख्या वाढत राहिली. पेट घेणाऱ्या मालात किंवा त्याच्या शेजारी माणसे कामाला किंवा झोपायला ठेवू नयेत, हा धडा या तिन्ही घटना देतात.

म्हणून या आठवड्यात एवढे करा. वहीत तीन रकाने आखा : माल, किती, कुठे ठेवला आहे. थिनर आणि डिझेल दुकानाच्या मागच्या वेगळ्या, हवेशीर खोलीत हलवा. कीटकनाशकांतली ‘ईसी’ लिहिलेली औषधे द्रावकात असतात, म्हणून तीही वेल्डिंगपासून लांब ठेवा. गॅसच्या टाक्या उभ्या आणि मोकळ्या हवेत ठेवा. मागचे दार मालाने अडले असेल तर आजच मोकळे करा. रात्री कुणीही माणूस दुकानात झोपणार नाही, हा नियम घाला. वही भरल्यावर आकडा मर्यादेच्या वर जात असेल तर दोनच वाटा आहेत, साठा कमी करा किंवा परवान्याचा अर्ज करा. ‘आजवर काही झाले नाही’ ही तिसरी वाट नाही.

परवाना, बी फॉर्म, विम्याची कागदपत्रे यांना वेळ लागेल. वही आणि मोकळे दार यांना एक संध्याकाळ पुरते. ती संध्याकाळ आजच काढा.