आधी चाकं बघा

सिंदी मेघेहून पुलगाव फार लांब नाही. तिथल्या केंद्रीय दारूगोळा भांडारामुळे लष्करी गाड्या वर्धा जिल्ह्याला नव्या नाहीत. जबलपुरात बनलेला, पुढे नाक काढलेला शक्तिमान ट्रक लांबूनच ओळखणारी माणसं आमच्या भागात आजही भेटतात. रणगाड्यांच्या बाबतीत मात्र आपली मजल ‘तो बघ रणगाडा’ एवढ्यावरच थांबते. ही ओळख पक्की करायची असेल तर राज्याच्या पार दुसऱ्या बाजूला, अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जायला हवं.

तिथे भारतीय लष्कराच्या चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. त्याच केंद्राने उभारलेल्या ‘कॅव्हलरी टँक म्युझियम’चं उद्घाटन फेब्रुवारी 1994 मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते झालं. जोशी स्वतः याच दलातले. इथे पन्नासच्या आसपास गाड्या आहेत. त्यात सगळ्यात जुनी रोल्स-रॉइसची चिलखती मोटार. तिच्यापासून विजयंता रणगाड्यापर्यंतचा सगळा प्रवास एकाच आवारात पायी फिरून बघता येतो.

नवखा माणूस आधी तोफ बघतो आणि तिथेच फसतो. तोफा बदलल्या जात. आपल्या शर्मन रणगाड्यांवरच्या तोफाही पुढे बदलल्या गेल्या. बदलत नाही तो गाडीचा सांगाडा. म्हणून जाणकार आधी खाली वाकतो आणि चाकं बघतो: किती आहेत, कशी जोडलीत, सगळी एका मापाची आहेत का.

याचा उत्तम धडा म्हणजे ब्रिटिश व्हॅलेंटाइन आणि त्याच्या शेजारचा आर्चर. व्हॅलेंटाइनला प्रत्येक बाजूला सहा चाकं. पहिलं आणि शेवटचं मोठं, मधली चार लहान. आता आर्चरकडे बघा. वर फिरता घुमट नाही, माथा उघडा, आणि लांबलचक सतरा पौंडी तोफ चक्क गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवलेली. वरून पाहिलं तर दोघांचं काहीच नातं दिसत नाही. खाली वाकलात की तीच सहा चाकं, तीच मोठी-लहान मापं. व्हॅलेंटाइनच्या लहान घुमटात ही तोफ मावणं शक्य नव्हतं, म्हणून त्याच्याच सांगाड्यावर ती उलटी बसवली. गोळा डागला की तोफेचा मागे येणारा भाग थेट चालकाच्या जागेपर्यंत पोचायचा, त्यामुळे त्याला तिथून बाजूला व्हावं लागे. एवढं अवघडलेलं यंत्र घेऊन ती माणसं जर्मन रणगाड्यांसमोर गेली.

चाकांनंतर पत्रा. जपानी हा-गो जवळून पाहावा असा आहे. वजन साडेसात टनांच्या आत, पत्र्याची जाडी जास्तीत जास्त 12 मिलिमीटर, सगळीकडे रिव्हेटची टोकं. त्याच्या घुमटात एकच माणूस बसे. तोफ भरायची त्याने, नेम धरायचा त्याने, आणि बाकी गाड्यांकडे लक्षही त्यानेच ठेवायचं. 1944 मध्ये इंफाळच्या मोहिमेत या हलक्या गाड्या अमेरिकी बनावटीच्या एम-3 ली रणगाड्यांपुढे आल्या. ली सत्तावीस टनांचा, उजव्या कुशीत 75 मिलिमीटरची तोफ आणि वर घुमटात आणखी एक लहान तोफ. ही कुशीतली तोफ दिसली की गाडी एम-3 हे नक्की. मग फक्त माथा बघायचा. घुमटावर मशीनगनची आणखी एक छोटी घुमटी असेल तर ली, नसेल तर ग्रँट.

माझ्या मते मात्र सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो छोट्या स्टुअर्टला. लोक त्याला ओलांडून पॅटनकडे धावतात. 7 लाइट कॅव्हलरीने असेच स्टुअर्ट घुमट उतरवून, झाकून काश्मीरच्या अरुंद रस्त्यांनी वर नेले आणि 1 नोव्हेंबर 1948 रोजी साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी ला खिंडीत लढाईला उतरवले. एवढ्या उंचीवर रणगाडे येतील हे समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. शर्मनसारखा वजनदार रणगाडा तिथे पोचलाच नसता.

पॅटनमध्येही एम-47 आणि एम-48 अशी गल्लत कायम होते. एम-47 चा पुढचा भाग सपाट पत्र्यांचा आणि घुमट मागे निमुळता. एम-48 चं नाक होडीसारखं गोलाकार. सप्टेंबर 1965 मध्ये असल उत्तरच्या पाणी सोडलेल्या शेतांमध्ये पाकिस्तानचे दोन्ही प्रकारचे पॅटन रुतले, फुटले, पकडले गेले. त्यांच्याशी लढणाऱ्यांत डेक्कन हॉर्सचे महायुद्धातले जुने शर्मन होते आणि 3 कॅव्हलरीचे सेंच्युरियनही.

सेंच्युरियनची चाकं बाजूच्या पत्र्याआड अर्धी झाकलेली असतात, तरी दोन-दोनच्या तीन जोड्या नीट मोजता येतात. 1945 मध्ये तो युरोपात पोचला तोवर जर्मनी हरला होता. भारतात मात्र त्याने दोन युद्धं गाजवली. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 1971 मध्ये नगरलाच तरुण अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण घेत होते. ते प्रशिक्षण अर्ध्यावर आटोपून खेत्रपाल पूना हॉर्सबरोबर शकरगडच्या आघाडीवर गेले. 16 डिसेंबरला बसंतरच्या लढाईत, गाडीने पेट घेतलेला असताना आणि बाहेर पडण्याचा हुकूम असतानाही, तोफ चालते आहे तोवर ते हटले नाहीत. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. ‘फामागुस्ता’ नावाचा त्यांचा तो सेंच्युरियन दुरुस्त करून नगरच्या त्याच प्रशिक्षण केंद्रात जपून ठेवला आहे.