घरातील आखाडा

डिसेंबर २०१८ मध्ये जालन्याच्या आझाद मैदानावर महाराष्ट्र केसरी किताबाची स्पर्धा भरली होती. माती आणि गादी या दोन्ही विभागांतील लढती पाहण्यासाठी अंबड, भोकरदन, परतूर, घनसावंगी अशा चहूकडच्या तालुक्यांतून कुस्तीशौकीन लोटले होते. अंतिम लढतीत बाला रफिक शेखने गतविजेत्या अभिजित कटकेला नमवून मानाची गदा पटकावली. त्या गर्दीत वडिलांच्या खांद्यावर बसून कुस्ती पाहणारी अनेक मुले असतील आणि त्यांपैकी काहींनी दुसऱ्याच दिवशी तालमीची वाट धरली असेल. पण सव्वा वर्षही लोटले नाही तोच, २५ मार्च २०२० पासून, देशभर टाळेबंदी जारी झाली आणि तालमींच्या दारांना कुलपे लागली. राज्यातील व्यायामशाळा पुन्हा उघडण्यास दसऱ्याचा, म्हणजे २५ ऑक्टोबर २०२० चा, दिवस उजाडावा लागला. मधल्या सात महिन्यांत खेळाडूने काय करावयाचे? उत्तर एका वाक्यात मिळत असे: घरीच सराव करा.

त्या दिवसांत माणसांच्या जिवाचाच प्रश्न असताना खेळाची चिंता कोणी करावी, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो अनाठायी नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे मजूर गावाकडे पायी निघाले आणि त्यांतील सोळा जण ८ मे २०२० रोजी करमाडजवळ लोहमार्गावर मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. त्या आघातापुढे हुकलेल्या स्पर्धेचे दुःख लहानच. परंतु टाळेबंदीने लहान-मोठी जी अनेक नुकसाने केली, त्यांतील काही भरून निघाली, काही निघाली नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या नुकसानीचा हिशेब निदान नंतर तरी मांडला गेला पाहिजे.

घरच्या सरावाचे सामर्थ्य मुळीच थोडे नाही. जोर, बैठका, सपाटे यांना साडेतीन हात जागा पुरते. मुद्गल नसेल तर मातीने भरलेले पोते, वजनाचे साधन नसेल तर ट्रॅक्टरचे जुने टायर आणि कडुनिंबाच्या फांदीला बांधलेला दोर, एवढ्यावर मनगट, खांदे आणि कंबर यांची ताकद टिकवता येते. ज्याच्या घरी शेत आहे, त्याला बांधाबांधाने पहाटेची दौडही करता येते. व्यायामशास्त्राचा अनुभव असा की, कमावलेले बळ थोड्याशा व्यायामावरही काही आठवडे टिकून राहते. दम मात्र दोन-चार आठवड्यांच्या खंडानेही उतरू लागतो. म्हणून पटकीचा व्यायाम करून न थांबता जो रोज श्वास फुलेपर्यंत धावला, त्याने अर्धी लढाई जिंकली असे म्हणावे लागेल.

उरलेली अर्धी लढाई मात्र एकट्याने लढता येत नाही. कुस्ती म्हणजे दुसऱ्याच्या वजनाशी, पकडीशी आणि कपटाशी चाललेला संवाद. समोरच्याचा पाय कधी हलतो आणि तोल कधी जातो हे अंगानेच ओळखावे लागते. ती ओळख भिंतीशी झुंजून होत नाही. कबड्डीतील चढाई रिकाम्या मैदानावर करता येत नाही आणि खो-खोतील खो द्यायला पाठमोरा बसलेला गडी लागतो. ग्रामीण भागाने ज्या खेळांवर जीव लावला, ते बहुतेक सगळे असे स्पर्शाचे खेळ आहेत, आणि साथीने नेमका स्पर्शच निषिद्ध ठरवला.

त्यातही मल्लाची कोंडी दुहेरी होती. चैत्र-वैशाख हा गावोगावच्या यात्रांचा आणि कुस्त्यांच्या फडांचा हंगाम. फडात मिळणाऱ्या इनामावर अनेक होतकरू मल्लांचा वर्षभराचा खुराक चालतो. टाळेबंदी नेमकी याच महिन्यांत आली. दूध, तूप, बदाम यांचा खर्च तसाच राहिला आणि तो भागवणारा फड मात्र उठला. मेहनत घरी करता येईल, पण मेहनतीला लागणारे अन्न कोठून आणावयाचे, या प्रश्नाचे उत्तर 'घरीच सराव करा' या उपदेशात नव्हते.

घर हा शब्द सर्वांसाठी सारखा असला, तरी घरे सारखी नसतात. ३ मे २०२० रोजी तीन जगविख्यात बांबूउडीपटूंनी आपापल्या अंगणात एक अभिनव स्पर्धा केली. पाच मीटरची उंची अर्ध्या तासात अधिकाधिक वेळा ओलांडावयाची, असा नियम होता. स्वीडनचा डुप्लांटिस आणि फ्रान्सचा लाव्हिलेनी यांनी प्रत्येकी ३६ उड्या यशस्वी केल्या. अमेरिकेच्या केंड्रिक्सने २६. जगाने कौतुक केले ते योग्यच. पण ज्यांच्या अंगणात बांबूउडीची गादी आहे, त्यांचा घरचा सराव आणि दोन खोल्यांत सहा माणसांसह राहणाऱ्या मंठ्याच्या धावपटू मुलीचा घरचा सराव, यांना एकाच मापाने मोजता येईल काय?

शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेने २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीतील अर्धमॅरेथॉन एक तास ३० सेकंदांत पुरी करून राष्ट्रीय विक्रम केला, आणि पुढच्या वर्षी टोकियोत तीन हजार मीटर स्टीपलचेसमधील स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. दुष्काळी मुलखातल्या या धावपटूची जिद्द असामान्य खरीच. परंतु तिच्या पाठीशी सेनादलाची नोकरी आणि राष्ट्रीय शिबिराचे छत्र होते. जिद्दीला आधार मिळाला की काय होते, याचा तो दाखला आहे. आधाराविना उरलेल्या जिद्दींची नोंद कोणत्याही विक्रमपुस्तकात सापडत नाही.

सर्वांत मोठे नुकसान झाले ते काळाचे. टोकियोचे ऑलिंपिक वर्षभर पुढे ढकलण्याचा निर्णय २४ मार्च २०२० रोजी झाला. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत हर्षवर्धन सदगीरने जिंकलेल्या गदेला पुढचा मानकरी लाभला तो थेट एप्रिल २०२२ मध्ये, साताऱ्यात, पृथ्वीराज पाटीलच्या रूपाने. स्पर्धा थांबू शकतात, वय थांबत नाही. शालेय खेळांचे वयोगट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांचे. सोळाव्या वर्षी घरात अडकलेला मुलगा बाहेर आला तो थेट वरच्या गटात, दोन वर्षे मोठ्या प्रतिस्पर्ध्यांपुढे. खेळातील प्रावीण्यावर परीक्षेतील वाढीव गुण मिळतात आणि शासकीय सेवेतील पाच टक्के राखीव जागांचे दारही उघडते. त्यामुळे सामान्य घरातील मुलाच्या बाबतीत हुकलेली स्पर्धा म्हणजे केवळ हुकलेले पदक नव्हे. कदाचित हुकलेली नोकरीही.

अशा आपत्ती पुन्हा येणार नाहीत, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. साथ नसेल तर दुष्काळ असेल, पूर असेल. मग आधीच काही गोष्टी का ठरवू नयेत? शाळा बंद पडताच तिच्या क्रीडाकोठारातील दोर, वजने, गोळे कपाटात कोंडून न ठेवता नोंद करून खेळाडूंच्या घरी देता येतील. क्रीडाशिक्षकाने आठवड्यातून एकदा दूरध्वनीवरून प्रत्येक खेळाडूच्या मेहनतीची विचारपूस केली, तर त्याला खर्च येत नाही. फड बंद असतील त्या काळात नोंदणीकृत मल्लांना खुराकासाठी तात्पुरते मानधन देणे जिल्ह्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. आणि नोकरभरतीतील उमेदवारांना कोविडकाळामुळे वयात सवलत देताना शासनाने जे तत्त्व मान्य केले, तेच शालेय वयोगटांनाही लावावयास हवे.

तालमीची माती रोज उकरावी लागते, तिच्यावर पाणी शिंपडावे लागते, ताक-तेल-हळद घालून ती मऊ राखावी लागते. एरवी ती दगडासारखी होते आणि तिच्यावर पडणाऱ्याचे हाड मोडते. टाळेबंदीनंतर कुलपे निघाली तेव्हा अनेक आखाड्यांतील माती अशीच कडक झाली होती. ती पुन्हा मऊ करता आली. त्या मातीकडे परत न आलेल्या मुलांचे काय, याचा विचार मात्र समाजाने अजून करावयाचा आहे.