सगळ्या डोंगराची एक स्की

जर्मनीतल्या फोल्कल या कंपनीच्या एका स्कीचे नाव 'मंत्रा' आहे. याच कंपनीने पूर्वी 'कर्मा' आणि 'गोतामा' या नावांच्याही स्की बाजारात आणल्या होत्या. शब्दांत रमणाऱ्या माणसाला अशी नावे ऐकून गंमत वाटते. खुद्द 'स्की' हा शब्द मात्र अगदी गरीब घरचा. जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ फोडलेल्या लाकडाची फळी. 'स्लालम' हाही नॉर्वेच्या खेड्यातलाच, त्याचा अर्थ उतारावरून गेलेली वाट. या फोडलेल्या लाकडाचे आज इतके प्रकार झाले आहेत, की दुकानात शिरलेला नवखा माणूस साड्यांच्या दुकानात एकट्याच शिरलेल्या नवरदेवासारखा बावरून जातो.

मी कोकणातला, दर्याकाठचा. बर्फ पाहिला होता तो मासळीच्या टोपलीत. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी गुलमर्गला दोन आठवडे राहून स्कीइंग शिकलो आणि त्यानंतर काही हिवाळे तिथे जात राहिलो. फार चांगले जमते असे नाही. आपल्या पायावर खाली येतो इतकेच. आज या विषयावर बोलायचे कारण माझी भाची. ती म्युनिकला नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये स्कीइंगला जाते. दोन हिवाळ्यांपूर्वी पडली आणि गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, कित्येक महिने व्यायाम झाला, मग डॉक्टरांनी परवानगी दिली. तेव्हा तिचा फोन आला, "मामू, आता भाड्याची स्की नको. स्वतःची घेते. कुठली घेऊ?" माझ्या आपाचे, म्हणजे तिच्या आईचे, मत कुठलीच घेऊ नये असे होते. त्यामुळे निवड नीट होणे माझ्यावर दुहेरी बंधनकारक झाले.

भाचीला हवी होती ती 'ऑल माउंटन' स्की. सगळ्या डोंगरावर चालणारी. यंत्राने दाबून गुळगुळीत केलेला उतार, रात्री पडलेला भुसभुशीत बर्फ, दुपारी उन्हाने मऊ होऊन ढिगाढिगांत जमलेला बर्फ आणि सकाळचा काचेसारखा टणक बर्फ, या सगळ्यांवर एकाच जोडीने निभावून न्यायचे. सगळ्यांत उत्तम ती कुठेच नसते, पण कुठे अडूही देत नाही.

फार जुन्या काळी हा प्रश्न नव्हता. नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातला सोंद्रे नोरहाइम हा गरीब शेतकरी एकोणिसाव्या शतकात स्वतःच्या स्की स्वतः करायचा. फळीची मधली बाजू थोडी अरुंद ठेवली की ती वळणे चांगली घेते, हे त्याने वापरून दाखवले. पुढे १९५० च्या सुमारास हॉवर्ड हेड या अमेरिकन विमान अभियंत्याने विमानबांधणीतली युक्ती वापरून लाकडाच्या गाभ्यावर अ‍ॅल्युमिनियम चढवले. तरीही स्की लांबलचक आणि जवळजवळ सरळच राहिली. पुरुषांसाठी दोन मीटरची जोडी ही नेहमीची गोष्ट होती. मग १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने 'एससीएक्स' ही स्की आणली. तिची टोके रुंद आणि कंबर चांगलीच बारीक होती. तिने सगळा खेळ बदलला. अशी स्की नुसती कडेवर कलती केली, की ती आपणहून कंस काढते. पूर्वी वळण घेण्यासाठी अंग फिरवावे लागे, आता स्की कलवली की वळण होते. गेल्या तीस वर्षांत प्रौढ वयात स्कीइंग शिकणाऱ्या माझ्यासारख्यांनी या एलानचे आभारच मानायला हवेत.

आता कंबरेविषयी सांगतो, कारण दुकानात पहिला आकडा तोच ऐकू येतो. बुटाखाली स्की जितकी रुंद असते, तो हा आकडा, मिलिमीटरमध्ये. टणक, दाबलेल्या उतारासाठीच केलेल्या स्कीची कंबर साधारण ६५ ते ८० मिलिमीटर असते. खोल भुसभुशीत बर्फासाठीची १०५ च्या पुढे. मधल्या ८० ते १०० च्या पट्ट्यात ऑल माउंटनचा संसार आहे. कारण समजायला आमच्या गावची चिखलणी पुरे. लावणीआधी शेतात चिखल असतो तेव्हा नुसते पाऊल पोटरीपर्यंत आत जाते, पण फळीवर उभा राहिलेला माणूस वर राहतो. वजन पसरते. रुंद स्की ताज्या बर्फावर तशीच तरंगते. मग सगळ्यांनीच रुंद का घेऊ नये? कारण टणक उतारावर स्की कडेवर उभी करावी लागते, आणि ती जितकी रुंद तितकी तिची कडा पावलाच्या मध्यापासून दूर. तिला कलवायला घोटा आणि गुडघा यांना जास्त जोर लावावा लागतो, आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळही जास्त लागतो. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याच्या दृष्टीने ही गोष्ट किरकोळ नाही.

दुसरी गोष्ट बाकाची. जुन्या पद्धतीची स्की टेबलावर ठेवली, तर तिचा मधला भाग उचललेला दिसतो, धनुष्य पालथे घातल्यासारखा. यावर माणूस उभा राहिला की ती सपाट होते आणि दाब पुढच्या-मागच्या टोकांपर्यंत पोचतो. त्यामुळे टणक बर्फात कडा लांबवर धरते. याला कॅम्बर म्हणतात. याच्या उलट आकाराला रॉकर. टोके आमच्या होडीच्या नाळेसारखी आधीपासूनच वर वळू लागतात. शेन मॅकॉन्की या स्कीपटूने पाण्यावरच्या स्की पाहिल्या आणि त्याच्या मनात आले, की खोल बर्फ पाण्यासारखा असेल तर स्कीचा आकारही तसाच का नको? त्यातून २००२ मध्ये 'स्पॅटुला' निघाली, आख्खी होडीच्या बाकाची. त्या वेळी पुष्कळ लोक हसले. आज बहुतेक ऑल माउंटन स्कीची टोके थोडी रॉकर आणि पोट कॅम्बर असते. मॅकॉन्की २००९ मध्ये इटलीच्या डोलोमाइट पर्वतात गेला, पण त्याच्या वेडाचा अंश प्रत्येक दुकानात लटकलेला दिसतो. रॉकरवाल्या स्कीची टोके टणक बर्फाला टेकत नाहीत, म्हणून ती आहे त्याहून आखूड वाटते. तिची लांबी चार-पाच सेंटिमीटर जास्त घेतली तरी चालते. एरवी हनुवटीपासून डोक्यापर्यंत कुठेतरी, हा ढोबळ हिशोब.

तिसरी गोष्ट ताठपणाची. लांबी-रुंदी डोळ्यांना दिसते, हा मात्र पोटात असतो. स्कीचा गाभा लाकडाचा, पॉपलर, अ‍ॅश, बीच अशा जातींचा. त्यावर फायबरग्लास, आणि काहींत टायटॅनल नावाच्या मिश्रधातूचे पत्रे. नावावरून टायटॅनियम वाटते, पण हा अ‍ॅल्युमिनियमचाच प्रकार आहे. धातूचे दोन पत्रे असलेली स्की जड आणि शांत असते. वेगात थरथरत नाही, ढिगाढिगांचा बर्फ फाडत जाते. तिच्यावर हुकूम चालवायला मात्र वजन, वेग आणि तंत्र तिन्ही लागतात. हळू जाणाऱ्याला ती वळूच देत नाही. हेड कंपनीने आपली 'कोअर' मालिका काढली तेव्हा धातू गाळून ग्राफीन आणि हलके लाकूड वापरले. हलकी स्की चटकन फिरते, पण खडबडीत बर्फावर पायाला बातमी जरा जास्तच पोचवते.

स्कीची परीक्षणे लिहिणारे बहुतेक लोक तगडे आणि वेगवान असतात. त्यांना ताठ, धातूची स्की आवडते आणि ते तसे लिहितात. ते खोटे लिहीत नाहीत, स्वतःविषयी लिहितात. वाचणारा मात्र ते आपल्याविषयी समजतो. गझल लिहायला बसलेला नवशिक्या सगळ्यांत लांब बहर निवडतो, त्यातलाच हा प्रकार. माझ्या भाचीचे वजन ५८ किलो. ज्या स्कीवर तिचे मन बसले होते, तिची कंबर ९६ मिलिमीटर आणि पोटात धातूचे दोन पत्रे. मी तिला फोनवर तीनच प्रश्न विचारले. वर्षात किती दिवस कुठे जातेस? दुपारी दोन वाजता तुझे पाय कसे असतात? वळण कसे घेतेस, लांब आणि वेगात की आखूड आणि आटोक्यात? उत्तरे आली : पंधरा-सोळा दिवस टिरोलच्या दाबलेल्या उतारांवर, आणि भारतात आली तर चार-पाच दिवस गुलमर्गला. दोन वाजता पाय थकलेले. वळणे आखूड.

गुलमर्ग आणि टिरोल ही दोन वेगळी जगे आहेत. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. तो अफरवतच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. वर दाबलेला उतार नाही, कोरडा भुसभुशीत बर्फ आणि मोकळा डोंगर. तिथे शंभर मिलिमीटरच्या पुढची स्की शहाणपणाची. याच अफरवतवर फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू दगावले. तिथे स्की कुठली यापेक्षा गस्तवाल्यांनी कुठला उतार बंद केला आहे, हा प्रश्न आधीचा. शिवाय बर्फाचा भरवसा राहिलेला नाही. २०२४ चा जानेवारी गुलमर्गमध्ये जवळजवळ कोरडा गेला, आणि २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. अशा दिवसांत वर आलेले दगड नव्या स्कीचा तळ खरवडून काढतात. म्हणून मी भाचीला म्हटले, जिथे पंधरा दिवस जातेस तिथली स्की विकत घे, आणि चार दिवसांची भाड्याने घे.

तिने आणखी एक शहाणपणा केला. आल्प्समध्ये अनेक दुकानांत नव्या स्की दिवसभर वापरून पाहायला भाड्याने मिळतात, आणि पुढे विकत घेतली तर ते भाडे बऱ्याचदा किमतीतून वजा होते. तिने मनातली ९६ मिलिमीटरची स्की एक दिवस चालवली, आणि दुसऱ्या दिवशी ८६ मिलिमीटरची, धातूची फक्त अरुंद पट्टी असलेली, १६३ सेंटिमीटर लांब. संध्याकाळी फोनवर म्हणाली, "मामू, पहिली सकाळी फार सुंदर होती. जेवणानंतर तीच मला घेऊन चालली होती." तिने दुसरी घेतली.

पण आपाची काळजी स्कीने मिटणार नव्हती, आणि ती काळजी रास्त होती. भाची पडली तेव्हा तिच्या पायात भाड्याची स्की होती. त्या दुकानातल्या माणसाने वजन न विचारताच बाइंडिंगचा स्क्रू फिरवला होता. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा आणि ठराविक जोर आला की सोडून देणारा खटका. किती जोरावर सोडायचे, याचा आकडा त्यावर असतो. तो ठरतो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि स्कीइंगची पद्धत यांवरून. सावध, मध्यम की आक्रमक, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे सांगायचे असते. पन्नाशी गाठली की तक्त्यात आकडा एक पायरी खाली येतो. माझाही आला, आणि दुकानदाराने वय विचारले याचा मला आनंद झाला. अशा खटक्यांमुळे नडगीची हाडे मोडण्याचे प्रमाण पूर्वीपेक्षा पुष्कळ घटले आहे. गुडघ्याच्या अस्थिबंधाला मात्र ते तेवढे वाचवू शकत नाहीत. म्हणून बाइंडिंग नीट असते तर भाचीचा गुडघा वाचलाच असता, असे मी म्हणणार नाही. पण आकडा अंदाजाने लावणे हा जुगार आहे, आणि त्यात पाय दुसऱ्याचा असतो.

बुटांचेही तसेच. स्कीपेक्षा बुटांवर आधी पैसे खर्च करावेत असे जाणते सांगतात, आणि ते मला पटते. सैल बुटात पाय हलतो आणि कितीही महाग स्कीला तो काय सांगतो आहे ते कळत नाही. हल्ली चालायला सोपे, वळलेल्या तळाचे बूट मिळतात. ते प्रत्येक बाइंडिंगमध्ये बसतात असे नाही. बसल्यासारखे वाटतात, आणि नेमके तेच धोक्याचे. बूट आणि बाइंडिंग दोन्ही दुकानदारापुढे ठेवून मेळ आहे का, हे तपासून घ्यावे.

गुलमर्गला भाड्याने स्की घेणार असाल तर घाई करू नका. बाइंडिंगवरचा आकडा बघा आणि तो कशावरून लावला ते विचारा. आपले वजन लाज न बाळगता खरे सांगा. स्की उलटी करून तळाला खोल ओरखडे आहेत का पाहा. मग पोलादी कडेवर नख आडवे घासा. नखाची बारीक पूड कडेवर उरली तर कडा धारदार. नखाला काही झाले नाही तर दुसरी जोडी मागा.