तारपकऱ्याची उमेदवारी

जव्हार शहरालगतच्या शिरपामाळावर, १६६४ च्या सुरतेच्या स्वारीच्या वेळी, शिवाजी महाराजांचा मुक्काम पडला आणि मुकणे घराण्यातील राजे विक्रमशाह यांनी तेथे त्यांचा सत्कार केला, ही हकीकत तालुक्यातील शाळकरी मुलेही सांगतात. परंतु दऱ्याखोऱ्यांचे दर्शन घेण्यासाठी येथे येणाऱ्या प्रवाशाच्या कानी भातकापणीनंतरच्या एखाद्या संध्याकाळी जो लांबलचक, किंचित अनुनासिक आणि कोठेही न तुटणारा स्वर पडतो, त्याच्यामागे किती वर्षांची उमेदवारी आहे, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. तो स्वर तारप्याचा. वाजविणारा तरुण पंचविशीच्या आतबाहेरचा, वारली कुटुंबातला. खरिपात घरची भातखाचरे आणि वरकस जमीन कसणारा, इतर दिवसांत मिळेल ती मजुरी करणारा, आणि या सगळ्याच्या फटीतून स्वतः गाणी रचून संगीतावर पोट भरण्याची मनीषा बाळगणारा. ती मनीषा प्रत्यक्षात कशी उतरते, हे पाहावे म्हणून मी पावसाळ्यापासून त्याच्या मागे होतो.

पावसाळ्यापासून म्हणण्यास कारण आहे. अन्य वादक पैसे साठवून दुकानातून वाद्य आणतो. तारपकऱ्याला ते पेरावे लागते. पहिल्या पावसानंतर घराच्या कुडाशी दुधी भोपळ्याचे बी टोचायचे, वेल मांडवावर चढवायचा, लागलेल्या फळांतून आकाराने मनाजोगती तेवढी राखून बाकीची कालवणात घालायची, आणि राखलेली फळे जून होऊन वाळेपर्यंत हात लावायचा नाही. माकडांनी, किडीने किंवा अवेळीच्या पावसाने घात केला, तर त्या वर्षी जुन्याच भोपळ्याला मेणाची ठिगळे लावून हंगाम काढावा लागतो. तेव्हा या व्यवसायातली पहिली गुंतवणूक मशागतीची असते, आणि जो शेतकरी नाही त्याला तारपकरी होणे कठीणच.

वाळलेल्या भोपळ्याच्या आतला गर आणि बिया काढून तो पोकळ केला, म्हणजे त्याच्या एका अंगाला फुंकण्याचे छिद्र पडते आणि खालच्या अंगाला बोटांची छिद्रे असलेल्या बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसविल्या जातात; नळ्यांच्या शेवटाला ताडाची पाने गुंडाळून केलेला निमुळता कर्णा येतो, आणि साऱ्या सांध्यांत मधमाश्यांचे मेण भरले जाते. परंतु तारप्याचा प्राण यांपैकी कशातही नाही. तो भोपळ्याच्या पोटात दडलेल्या, बोरूएवढ्या दोन नळकांड्यांवर चिरून काढलेल्या जिभेत आहे. ती जीभ तयार होताना मी जवळून पाहिली. बांबूची साल त्याने धारदार पात्याने उभी अशी चिरली की, तिचे एक टोक नळीशी जोडलेले राहिले आणि दुसरे मोकळे झाले. मग तिच्याखाली डोक्याचा एक केस सरकविला, म्हणजे फट कायम राहून हवा आत शिरू शकते. ओठात धरून फुंकताच एक चिरका आवाज आला. त्याने मान हलविली, मेणाचा मोहरीएवढा कण जिभेच्या टोकावर चिकटविला, आणि पुन्हा फुंकले. टोक जड झाल्याने कंप मंदावला नि स्वर खाली उतरला. दुसरी जीभ पहिलीशी जुळेपर्यंत तो मेण लावीत आणि नखाने खरवडीत राहिला; हाताशी ना पेटी होती, ना मोबाइलवरचे स्वरयंत्र. जुळले हे कशावरून ओळखायचे, असे विचारता तो म्हणाला, “दोघी भांडायच्या थांबल्या की कळतंय, काका.” दोन स्वर जवळ येऊनही एक झाले नाहीत म्हणजे जो थरथरता धक्का कानाला बसतो, त्याचे याहून नेमके वर्णन माझ्या ऐकिवात नाही.

वाद्य सिद्ध झाले, तरी वादक सिद्ध व्हायचा असतो. पाश्चात्यांच्या बॅगपाइपमध्ये कातडी पिशवी हवेचा साठा करते आणि वादकाला उसंत देते. भोपळा कठीण असल्यामुळे तो असा साठा करू शकत नाही, म्हणून ते काम वादकाच्या गालांना करावे लागते. गालांत कोंडलेली हवा तोंडाने ढकलीत असतानाच नाकाने नवा श्वास आत घ्यायचा, आणि या अदलाबदलीचा मागमूस स्वरात उमटू द्यायचा नाही, ही या विद्येची मुख्य अट. लहानपणी त्याच्या आज्याने पाण्याच्या तांब्यात पोकळ काडी बुडवून त्याला फुंकायला लावले होते. बुडबुडे थांबले की पुन्हा आरंभ. अशी वर्षे गेल्यानंतर खरा तारपा हाती आला. जव्हार तालुक्यातीलच वाळवंड्याचे तारपकरी भिकल्या लाडक्या धिंडा यांना, वयाची नव्वदी उलटल्यानंतर, २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या तरुणाच्या पाड्यावर मोठा आनंद झाला. पण त्या सन्मानाचा अर्थ त्याने लावला तो असा की, या मार्गावर घाई करून उपयोग नाही.

तथापि पोटाला घाई असते. मंडळी घेऊन तो शासकीय महोत्सवांत, रिसॉर्टांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकांत वाजवितो. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली ठरविलेल्या या दिवसाने तारप्याला सबंध जिल्ह्यात रस्त्यावर आणले खरे. परंतु तो येतो भर पावसात, वेलावरचा भोपळा कोवळा असताना, म्हणून मिरवणुकीत मागच्या वर्षीचे वाद्य न्यावे लागते. परंपरेत तारप्याचे दिवस नवे भात हाती आल्यावरचे. मोकळ्या अंगणात तारपकरी मध्यभागी, त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या स्त्रीपुरुषांची साखळी, आणि त्या साखळीला वळण देणारा घोळकाठीवाला, असा हा नाच रात्रभर चालतो. चाळा, म्हणजे नाचाची धून, कधी बदलायचा, हे नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहून वाजविणारा ठरवितो, आणि पाय कसे पडायचे हे त्याच्या स्वरावर ठरते. येथे प्रेक्षक असा कोणी नसतोच. व्यासपीठावर मात्र हे वर्तुळ उलगडून सरळ रेषेत उभे करावे लागते, कारण पाहुण्यांना चेहरे दिसले पाहिजेत, आणि रात्रीचा नाच निवेदकाच्या घड्याळात बसवावा लागतो. या तरुणाने त्यावर आपल्यापुरती तोड काढली आहे: पहिला चाळा पाहुण्यांकडे तोंड करून, आणि दुसऱ्याच्या वेळी पाहुण्यांनाच साखळीत ओढून. बिदागी दोन्हींची सारखीच मिळते. पण दुसऱ्या चाळ्यानंतर पुढच्या कार्यक्रमाचे बोलावणे येते, असा त्याचा अनुभव आहे.

त्याची स्वतःची गाणी हा वेगळाच प्रांत. फुंकणाऱ्याला गाता येत नाही, म्हणून तो शब्द रचतो, तारपा स्वतः वाजवितो आणि गाणे बहिणीकडून गाऊन घेतो. विषय भोवतालचे: वैतरणेवरच्या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि मोखाड्याच्या बायका फाल्गुनापासून हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, भाऊ भिवंडीच्या वीटभट्टीवर, आणि त्याची मुले वर्गाच्या हजेरीपटावर गैरहजर. मोबाइलवर टिपलेले असे एक गाणे पाड्यापाड्यांतून फिरू लागले, तेव्हा ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका व्यावसायिकाने करारनामा पाठविला, आणि त्यात शब्द व चाल या दोहोंचे सर्व हक्क रोख रकमेच्या मोबदल्यात लिहून मागितले.

हा पेच जुनाच आहे. १९२७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी राल्फ पीअर यांनी डोंगरी गायकांची ध्वनिमुद्रणे केली. त्यांतून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स प्रसिद्धीस आले, आणि ज्याला तिकडे कंट्री संगीत म्हणतात त्याच्या व्यापाराचा पाया घातला गेला. पुढे ए. पी. कार्टर यांनी डोंगरखोऱ्यांत हिंडून लोकांच्या मुखातील गाणी गोळा केली, आणि त्यांतील अनेक त्यांच्याच नावावर नोंदली गेली. त्यांच्याबरोबर फिरून चाली कानात साठविणाऱ्या लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय वादकाचे नाव मात्र फार काळ मागेच राहिले. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा सुरक्षित केला. पण पिढ्यान्‌पिढ्या अंगणात घुमलेल्या चाळ्याचा संगीतकार कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या कलमांत सापडत नाही. तरुणाने करारनाम्यातील ‘चाल’ हा शब्द पेन्सिलीने खोडला आणि तो परत धाडताना सांगितले, “शब्द माझे हायेत, ते देतो. चाळा माझा नाय, तो कसा देऊ?” व्यावसायिकाचे उत्तर अद्याप आलेले नाही.

दिवाळीच्या सुमारास मला उमगले की, करारनाम्यापेक्षाही मोठा अडसर निराळाच आहे. वीटभट्ट्यांचे मुकादम दसऱ्याच्या आधीच पाड्यावर येऊन उचल वाटतात. सणाच्या खर्चाला ती घेतली की दिवाळीनंतर बायकापोरांसह भट्टीवर हजर होणे आणि पावसाळ्यापर्यंत ती फेडणे भाग पडते. म्हणजे हिवाळ्यात, जेव्हा शहरांतील महोत्सवांची बोलावणी येतात, नेमकी तेव्हाच त्याची साखळी तुटते. तारपा एकट्याने वाजविता येतो, नाच एकट्याने होत नाही. म्हणून या वर्षी त्याने आयोजकांपाशी बिदागी वाढवून मागितली नाही. मागितले ते एवढेच की, जानेवारीच्या कार्यक्रमांची पेशगी दसऱ्यापूर्वी रोख मिळावी. एका आयोजकाने निम्मी दिली, दुसऱ्याने हिशेबाच्या नियमांत बसत नाही असे कळविले. आलेली रक्कम त्याने स्वतःकडे न ठेवता सोबत्यांत वाटली, तेव्हा काही जणांनी मुकादमाला नकार दिला आणि बाकीचे ठरल्याप्रमाणे भट्टीवर गेले. राहिलेल्यांची साखळी लहान आहे, पण तिने वर्तुळ पुरे होते. आणि पुढच्या वर्षी पेशगीची बोलणी श्रावणातच सुरू करायची, हे त्याने आतापासून ठरवून ठेवले आहे.