नाण्याची वाट पाहणारा प्रोसेसर

१९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ, बत्तीस पातळ्या, संगीत, कासवं, किल्ले सगळं धरून, ४० किलोबाइटमध्ये बसतो. जागा वाचवण्यासाठी ढग आणि झुडपं यांना एकच चित्र वापरलंय, रंग तेवढे वेगळे! ज्या यंत्रासाठी तो लिहिला, त्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची कामाची मेमरी होती २ किलोबाइट. हा लेखसुद्धा त्यात मावला नसता. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून, कॅसेट खोचून जे व्हिडिओ गेम खेळले जात, त्यांतले बरेचसे याच यंत्राच्या नकला होत्या.

आज तोच खेळ लॅपटॉपवर चालतो. पण त्यातली एकही सूचना लॅपटॉपच्या प्रोसेसरला थेट कळत नाही. मधे बसलेला असतो एम्युलेटर. खेळात सूचनेच्या जागी १६९ हा आकडा आला, की त्याचा अर्थ ‘पुढचा आकडा उचलून हाताशी ठेव’. एम्युलेटर तो वाचतो, आपल्याच एका खान्यात तो पुढचा आकडा ठेवतो, आणि मूळ चिपला या कामाला दोन ठोके लागत म्हणून दोन ठोके मोजतो. असे ठोके सेकंदाला सुमारे १७.९ लाख. शिवाय प्रत्येक ठोक्याला चित्र काढणारी दुसरी चिप तीन ठिपके पुढे सरकते, तीही सोबत चालवायची.

ठोके इतके काटेकोर मोजायचे कशाला? मारिओच्या पडद्यावर सर्वांत वर बघा. गुणांची पट्टी स्थिर असते आणि तिच्याखालचं जग सरकत असतं. चित्र काढणारी चिप पडदा असा दोन भागांत आपणहून सरकवू शकत नाही. म्हणून खेळ लिहिणाऱ्यांनी पट्टीतल्या छोट्या नाण्याच्या तळाशी खूण म्हणून एक ठरावीक चित्र ठेवलं. चिप ओळीमागून ओळ रेखाटत त्या खुणेपाशी पोहोचली, की एक झेंडा वर होतो. प्रोसेसर तोवर फक्त तेवढंच विचारत राहतो, ‘झालं का?’ झेंडा दिसताच तो सरकण्याचा आकडा बदलतो आणि उरलेला पडदा सरकलेला दिसतो. एम्युलेटरने हा झेंडा उभारलाच नाही, तर प्रोसेसर तिथेच विचारत बसतो आणि मारिओ जागचा हलत नाही. अवघा खेळ त्या नाण्यावर अडतो. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा त्या प्रोग्रॅमरांना हात जोडावेसे वाटतात.

याच यंत्रावरच्या ‘डक हंट’ या खेळाची बंदूक याहून नवलाची. तिच्यातून काहीच सुटत नसे, उलट तिला डोळा होता. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि तो उजेड बंदुकीला दिसला की बदक पडे. जुन्या टीव्हीत उजेड तत्क्षणी उमटायचा, आजच्या सपाट पडद्यावर तो उशिरा येतो, त्यामुळे ती बंदूक तिथे आंधळी ठरते. एम्युलेटर मात्र माउसच्या टोकाखाली उजळ रंग आहे का, हे स्वतः पाहतो आणि नसलेल्या बंदुकीचा डोळा होतो.

मूळ यंत्राच्या मर्यादाही जपाव्या लागतात. एका ओळीत आठांहून जास्त हलती चित्रं आली की जास्तीची दिसेनाशी होत. म्हणून गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे. चांगला एम्युलेटर तेही तसंच दाखवतो. माझ्या मते तेच योग्य आहे, कारण खेळ त्या लुकलुकण्यासकट घडवलेला होता.

एम्युलेटर वापरायला हरकत नाही, पण जुन्या खेळांवर बहुधा अजूनही कॉपीराइट आहे, तेव्हा कुठूनही उतरवून घेऊ नका. हौशी लोकांनी याच यंत्रासाठी नव्याने लिहून मोफत दिलेले खेळ आहेत, त्यांपासून सुरुवात करा. ‘मेसेन’ हा एम्युलेटर मोफत मिळतो. त्यातल्या डिबगरमध्ये खेळ हवा तिथे थांबवून एकेक सूचना पुढे सरकवता येते. खेळून झालं की तो एकदा उघडून बघाच.