जालकीय सुरक्षा कॅमेरे

जालकीय सुरक्षा कॅमेरे : एखाद्या जागेवर लक्ष ठेवण्यासाठी बसविलेले व टिपलेले चित्र अंकीय स्वरूपात संगणकांच्या जालकातून पाठविणारे कॅमेरे. व्यवहारात ते ‘आयपी कॅमेरे’ या नावाने ओळखले जातात. अनेक कॅमेऱ्यांची चित्रे एकत्र घेणे, दाखविणे, साठविणे व हवी तेव्हा शोधून काढणे ही कामे करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीस चित्रव्यवस्थापन आज्ञावली म्हणतात. कॅमेरा हा या योजनेचा डोळा, तर आज्ञावली ही तिची स्मृती होय. दोहोंची जुळणी काटेकोर नसेल, तर पडद्यावर चित्र दिसत असूनही प्रसंगी विश्वासार्ह पुरावा हाती लागत नाही.

विकास : १९४२ मध्ये जर्मनीतील पेनेम्युंडे येथे व्ही-२ रॉकेटांचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी वाल्टर ब्रूख या अभियंत्यांनी दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांचा उपयोग केला [⟶ दूरचित्रवाणी]. पुढे प्रचारात आलेल्या अशा पद्धतींत प्रत्येक कॅमेऱ्यापासून स्वतंत्र केबल न्यावी लागे. १९९६ मध्ये स्वीडनमधील अ‍ॅक्सिस कम्युनिकेशन्स या कंपनीने ‘नेटआय २००’ हा जालकाला थेट जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला. त्यानंतर अनेक उत्पादक या क्षेत्रात उतरले. परंतु प्रत्येकाच्या कॅमेऱ्याशी संपर्क साधण्याची रीत निराळी असल्याने आज्ञावलीशी जुळणी करणे अवघड होई. ही अडचण दूर करण्यासाठी २००८ मध्ये अ‍ॅक्सिस, बॉश व सोनी या कंपन्यांनी ‘ऑनव्हिफ’ ही संघटना स्थापन केली. तिच्या मानकसंचांना ‘प्रोफाइल’ म्हणतात. ‘एस’ हा चित्रप्रवाहासंबंधी, ‘जी’ हा मुद्रण व साठवणीसंबंधी, तर ‘टी’ हा एच.२६५ सारख्या नव्या संक्षेपण पद्धतींसह प्रगत चित्रप्रवाहासंबंधी आहे. कॅमेरा व आज्ञावली यांचे प्रोफाइल समान असल्यास मूलभूत कामे जुळतात. उत्पादकाची खास वैशिष्ट्ये मात्र त्यामुळे मिळतीलच असे नाही.

जागेची निवड : कॅमेऱ्याकडून काय अपेक्षित आहे, हे प्रथम ठरवावे लागते. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार (६२६७६-४) अनोळखी व्यक्तीची ओळख पटण्यासाठी दृश्याच्या दर मीटर रुंदीमागे सु. २५० चित्रबिंदू लागतात. परिचित व्यक्ती ओळखण्यास १२५, तर कोणीतरी आले आहे एवढेच कळण्यास २५ पुरतात. यावरून १,९२० चित्रबिंदू रुंदीच्या कॅमेऱ्याने सु. ७.७ मी. रुंद दृश्यातीलच अनोळखी चेहरा ओळखता येईल. संपूर्ण आवार एकाच कॅमेऱ्यात आणण्याच्या हव्यासाने कोणाचाच चेहरा स्पष्ट येत नाही.

जोडणी : २००३ मध्ये मान्य झालेल्या मानकामुळे विदा वाहणाऱ्या केबलीतूनच कॅमेऱ्यास वीजही पुरविता येऊ लागली. या पद्धतीत स्विचच्या प्रत्येक मुखातून १५.४ वॉटपर्यंत, तर २००९ च्या सुधारित मानकानुसार ३० वॉटपर्यंत शक्ती मिळते. तांब्याच्या केबलीची लांबी १०० मी. पर्यंतच ठेवावी लागते. प्रत्येक कॅमेऱ्यास जालकातील स्थिर पत्ता द्यावा लागतो. तो बदलत राहिल्यास आज्ञावलीचा कॅमेऱ्याशी संपर्क तुटतो. आज्ञावली सामान्यतः जालकात साद घालून कॅमेरे आपोआप शोधते. परंतु ही साद बहुधा जालकाच्या त्याच विभागापुरती पोहोचते. दुसऱ्या विभागातील कॅमेऱ्याचा पत्ता हाताने नोंदवावा लागतो. काही कॅमेऱ्यांत ऑनव्हिफची सोय मुळात बंद असते व तिच्यासाठी वेगळा वापरकर्ता निर्माण करावा लागतो.

चित्रप्रवाह व साठवण : बहुतेक कॅमेरे एकाच वेळी दोन किंवा अधिक प्रवाह देतात. त्यांपैकी सूक्ष्म तपशिलाचा प्रवाह मुद्रणासाठी व हलका प्रवाह पडद्यावर अनेक चित्रे एकत्र पाहण्यासाठी योजतात. साठवणीची गरज गणिताने काढता येते. सेकंदाला ४० लक्ष बिट वाहणारा प्रवाह दिवसाला सु. ४३ गिगाबाइट जागा व्यापतो. म्हणजे १६ कॅमेऱ्यांच्या ३० दिवसांच्या अखंड मुद्रणास सु. २१ टेराबाइट लागतात. जागा भरली की आज्ञावली सामान्यतः सर्वांत जुने मुद्रण पुसून त्यावर नवे घेते. म्हणून मुद्रण किती दिवस राखावयाचे, हे आधी ठरवून त्यानुसार चकत्या घ्याव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसविण्याचा आदेश देताना मुद्रण १८ महिने जपण्यास सांगितले. वरील प्रवाह धरल्यास तेवढ्या मुदतीसाठी एका कॅमेऱ्यामागे सु. २४ टेराबाइट जागा लागेल.

वेळ व पुरावा : सर्व कॅमेरे व सर्व्हर यांची घड्याळे एकाच प्रमाण स्रोताशी जुळविणे हा उभारणीतील सर्वांत दुर्लक्षित, पण निर्णायक भाग होय. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीविषयीच्या खटल्यात उमेदवारी अर्ज दुपारी ३ वाजण्याच्या मुदतीनंतर दाखल झाले किंवा कसे, हा वाद होता आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील मुद्रण पुरावा म्हणून पुढे आले. या प्रकरणी १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मूळ साधन हजर न करता प्रत सादर केल्यास तिच्यासोबत कायद्याने विहित केलेले प्रमाणपत्र आवश्यक ठरते, असा निर्णय दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या प्रमाणपत्रात मुद्रणाचे ‘हॅश’ मूल्यही नोंदवावे लागते. मुद्रणात कोणताही बदल झाल्यास हे मूल्य बदलते व फेरफार उघड होतो.

सुरक्षितता : कॅमेरा हा स्वतः एक छोटा संगणकच असतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ या उपद्रवी आज्ञावलीने उत्पादकाने दिलेले परवलीचे शब्द न बदललेले असंख्य कॅमेरे व मुद्रकयंत्रे ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर रोजी त्यांच्याकरवी ‘डिन’ या अमेरिकन कंपनीवर हल्ला करण्यात येऊन अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली. म्हणून परवलीचा शब्द प्रथमच बदलणे, कॅमेऱ्यातील आज्ञावली अद्ययावत ठेवणे, कॅमेऱ्यांचे जालक इतर कामकाजापासून वेगळे राखणे व ते आंतरजालास थेट खुले न करणे, ही पथ्ये पाळावी लागतात. मुद्रण कोणी पाहावे, हेही ठरवून द्यावे लागते. कारण त्यात ज्यांचा काहीही दोष नाही अशा माणसांचे येणेजाणेही नोंदलेले असते.

उभारणी पूर्ण झाल्यावर, तसेच त्यानंतरही ठराविक काळाने, एखाद्या जुन्या दिवसाचे मुद्रण शोधून, त्यावरील वेळ पडताळून व त्याची प्रत काढून पाहतात. या चाचणीत उतरलेली योजनाच भरवशाची मानता येते.